पुदिन्याची वकिली

चहा पिणे आणि चहाची परीक्षा करणे ही दोन सर्वस्वी भिन्न कर्मे असून त्यांपैकी दुसऱ्यात सुखाचा अंश अत्यल्प असतो, हे ज्याला पटत नसेल त्याने पुदिनामिश्रित ग्रीन टीच्या परीक्षक मंडळावर एकवार बसून पाहावे. आमच्या गृहसंस्थेतील ज्येष्ठांनी, मधुमेह आणि डॉक्टर या दोघांच्या संयुक्त दडपणाखाली, सायंकाळच्या बैठकीतून दुधाच्या चहास हद्दपार करण्याचा ठराव मंजूर केला आणि त्याजागी कोणती पुडी आणावी याची तजवीज करण्यास जी समिती नेमली, तिचे अध्यक्षपद माझ्या गळ्यात पडले. सभासद नानासाहेब, दिवाणी न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले आणि निवृत्ती अद्याप मान्य न केलेले.

चहाच्या रसपरीक्षेची आंतरराष्ट्रीय पद्धत मोठी काटेकोर आहे. शंभर मिलिलिटर उकळत्या पाण्यास दोन ग्रॅम पत्ती, मुरवण सहा मिनिटे, भांडे चिनी मातीचे. ती जिच्यावर बेतली त्या सहापानी ब्रिटिश नियमावलीस १९९९ साली साहित्याचे इग नोबेल, म्हणजे थट्टेचे पारितोषिक, मिळाले होते. परंतु या पद्धतीने केलेला ग्रीन टी जिभेवर पडताच नानासाहेबांची जी मुद्रा झाली, ती पाहता ते पारितोषिक शोकांतिकेस द्यावयास हवे होते. उकळत्या पाण्याने हिरव्या पत्तीतला तुरटपणा सगळाच्या सगळा बाहेर येतो, म्हणून पुढे आम्ही पाणी निववून घेतले आणि मुदत निम्मी केली.

धंदेवाईक परीक्षक चमच्याने घोट घेऊन मोठ्याने भुरका मारतो आणि मग तो थुंकतो. पैकी भुरक्याबाबत नानासाहेबांस शिकवण्यासारखे काही नव्हते, बशीतून चहा पिण्यात त्यांची हयात गेली होती. मात्र संस्थेच्या पैशाने खरेदी केलेली वस्तू थुंकून टाकणे ही अफरातफर होय, अशी हरकत नोंदवून त्यांनी प्रत्येक घोट गिळला.

पुढच्या साऱ्या घोटाळ्याचे मूळ या गिळण्यात आहे. पेपरमिंटातील मेंथॉल तोंड गार करीत नाही. थंडीची वर्दी देणाऱ्या मज्जातंतूंकडून ते खोटी वर्दी देववते, आणि कढत पेय प्यालेल्या माणसाच्या तोंडात पौष महिना अवतरतो. आपल्या चटणीतला पुदिना त्या मानाने सालस, त्यात मेंथॉल नाममात्र. मोरोक्कोतील लोक तोच वापरतात, ताजा आणि मूठमूठभर, सोबत साखरेची खैरात करून. आणि खाली चहा असतो तो चीनचा, बंदुकीच्या छऱ्यांसारखा गोळ्या वळलेला, जो क्रिमियाच्या युद्धकाळी (१८५३–५६) नेहमीची गिऱ्हाइके तुटलेल्या इंग्रज व्यापाऱ्यांनी तँजिअर आणि मोगादोर या बंदरांत उतरवला. हा व्यवहार निदान उघड आहे. आमच्या पुड्यांतला पुदिना मात्र कसलेला वकील होता. त्याचे भाषण इतके रंगे की अशील कोर्टात हजर तरी आहे काय, हे विचारण्याचे भान कोणास राहत नसे. मी चोथा बशीत उलटून पाहू लागलो तेव्हा कोठे खरे पक्षकार दिसले: एका पुडीत नुसता चुरा आणि देठांचे तुकडे, दुसरीत मात्र वळलेल्या गोळ्या उलगडून काठावरच्या दातऱ्यांसकट अखंड पाने झालेली. सुगंधात पहिली पुढे, वस्तुस्थितीत दुसरी. माझे मत अर्थातच दुसरीस.

नानासाहेबांचा कल पहिलीकडे असल्याने, मी त्यांच्या नकळत मध्येच एक पेला निव्वळ ग्रीन टीचा ठेवला. त्यात पुदिन्याचे पानही नव्हते. त्यांनी तो मिटल्या डोळ्यांनी प्राशन केला आणि ‘पुदिना’ या रकान्यात दहापैकी नऊ गुण दिले. वस्तुस्थिती निदर्शनास आणून देताच ते जराही विचलित झाले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला, लेखणी उचलली आणि समासात सुवाच्य अक्षरांत शेरा मारला: ‘सदर नमुन्यात पुदिना नाही, असे अध्यक्षांचे म्हणणे. माझ्या तोंडात आहे. सबब गुण कायम.’