पावसाळी रात्री भूतकथा ऐकण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

भूतकथा सांगावी कशी यावर जाणकार भरपूर बोलतात. ऐकावी कशी, याकडे मात्र कोणाचेच लक्ष नाही, आणि त्यामुळे दर पावसाळ्यात कितीतरी धडधाकट भुते अर्ध्या कथेतच दगावतात. सांगणारा बिचारा घाम गाळून हडळीला विहिरीच्या काठापर्यंत आणतो, आता ती वळून बघणार, एवढ्यात ओटीवरून आवाज येतो, ‘‘काका, तुमच्याकडे रेंज कुठे येते?’’ हा अपव्यय थांबावा म्हणून पुढील सूचना दिल्या आहेत. त्या मुख्यतः तळकोकणातल्या घरांसाठी आहेत. इतरांनी आपापल्या छपराप्रमाणे त्यात फेरफार करून घ्यावा.

छपराचा उल्लेख सहज केलेला नाही. स्लॅबच्या घरात पाऊस ऐकू येत नाही, पत्र्याच्या घरात पावसाशिवाय काहीच ऐकू येत नाही. तिथे ‘तिचे पाय उलटे होते’ हे वाक्य सांगणाऱ्याला ओरडून म्हणावे लागते, आणि ओरडून सांगितलेली भूतकथा ग्रामसभेतल्या पाणीटंचाईच्या तक्रारीसारखी वाटते. म्हणून कौले. बासेल मिशनच्या जर्मन मिशनऱ्यांनी १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला. येशूची शिकवण घेऊन आलेल्या त्या सज्जनांनी इथल्या मुंजाची आणि देवचाराची केवढी सोय करून ठेवली, याची त्यांना कल्पना नसावी. कौलांवरचा पाऊस बोलणे बुडवत नाही, नुसता भोवती राहतो. एखादे गळके कौल मुद्दाम तसेच ठेवावे आणि खाली रिकामा टोप लावावा. टोप रिकामा असेपर्यंत थेंब टणकन वाजतो, तळाशी पाणी साठले की आवाज जाड होत जातो, आणि अर्ध्या तासाने तो बदललेला आवाज कोणाच्या तरी लक्षात येतो. त्याने मान वर केली की बाकीचेही करतात. हा परिणाम फुकट मिळतो. घरधनीण मधेच उठून टोप ओतायला निघाली तर तिला थोपवावे.

तिथीबद्दल गैरसमज आहेत. आषाढी अमावस्या सर्वांत काळोखी म्हणून अनेक जण त्याच रात्रीचा बेत आखतात, पण ती दिव्यांची अवस. घरातले यच्चयावत दिवे घासूनपुसून पाटावर मांडलेले आणि शेजारी गोड कणकेचे दिवे. एवढ्या उजेडात आणि तुपाच्या वासात कोणते भूत टिकणार? त्यापेक्षा कुठलीही साधी रात्र घ्यावी, वाऱ्याने तारेवर फांदी पडून लाईट गेलेली. इन्व्हर्टर असलेल्या घरात कथा सांगू नये. मोबाईलची बॅटरी हनुवटीखाली धरून चेहरा भयाण करणे हा शाळकरी प्रकार आहे, प्रौढांनी टाळावा. कंदील असावा, वात बारीक, काचेवर एका अंगाला काजळी.

हातांना उद्योग हवा. मे महिन्यात लाल मातीत घोळवून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या याच कामासाठी असतात. त्या निखाऱ्यात भाजायच्या आधी चिरा देतात, कारण बिनचिरेची आठळी फाटकन फुटते. सांगणारा मुरलेला असेल तर एक आठळी चिरा न देता सारून ठेवतो, आणि ती नेमकी कुठल्या वाक्याला फुटेल याचा त्याला अंदाज असतो. ऐकणाऱ्याने आठळ्या मोजू नयेत.

आता सांगणाऱ्याची निवड. ज्याने भूत स्वतः पाहिले आहे त्याच्याकडे चुकूनही जाऊ नये. असा माणूस ‘‘होता कायतरी’’ एवढेच म्हणतो आणि कुशीवर वळतो. साक्षीदार दोन नाती पलीकडचा हवा: थोरल्या आत्तेचा दीर, मामीच्या माहेरचा गडी. एक नाते असले तर कोणीतरी उद्या फोन करून खात्री करून घेईल, तीन झाली तर ती ऐकीव गोष्ट ठरते. साक्षीदार हयात नसावा, पण भुताने मेलेलाही नसावा. पुढे वीस वर्षे त्याने व्यवस्थित भातशेती केली, असा तपशील आला की कथेला भक्कमपणा येतो. आणि कथेत कुठेतरी सांगणारा थांबून म्हणेल, ‘‘खोटा कशाक सांगू?’’ हा प्रश्न नाही. उत्तर देऊ नये.

द्यायचा तो हुंकार. हा या शास्त्राचा गाभा आहे आणि इथेच शहरातून आलेली मंडळी नापास होतात. वाक्य संपले की ‘हं’ म्हणायचे. फार लवकर नाही, नाहीतर घाई दिसते. फार उशिरा नाही, नाहीतर झोप दिसते. कथा जसजशी नदीकडे सरकते तसतसा हुंकार आखडता घ्यायचा, आणि भूत येते तिथे गिळून टाकायचा. ‘‘मग?’’ एकदाच चालते. ‘‘कसं शक्य आहे?’’ कधीच नाही.

याला आधार जुना आहे. अकराव्या शतकात काश्मिरात सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ रचला, त्यात त्रिविक्रमसेन राजा (आपला विक्रम) शिंशपाच्या झाडावरचे प्रेत खांद्यावर टाकून स्मशानातून चालतो आणि त्यातला वेताळ त्याला गोष्टी सांगतो. भूतकथेचा श्रोता म्हणून याहून प्रतिकूल परिस्थिती कोणाची असेल? अट अशी की राजा बोलला तर वेताळ परत झाडावर, आणि उत्तर ठाऊक असून गप्प राहिला तर डोके फुटणार. राजा हुशार असल्यामुळे दर वेळी बोलतो आणि दर वेळी पुन्हा झाडाकडे चालत जातो. लोक याला राजाचे शहाणपण म्हणतात. मी याला ऐकण्यातली चूक म्हणतो. शेवटच्या कथेला त्याला उत्तर सुचत नाही, तो गप्प राहतो, आणि तेव्हाच काम फत्ते होते.

परदेशातला दाखलाही हेच सांगतो. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्याच्या राखेने पुढच्या वर्षीचा युरोपातला उन्हाळा पावसात घालवला, आणि जिनिव्हाच्या तळ्याकाठच्या एका बंगल्यात बायरन, शेली आणि मंडळी अडकून पडली. जर्मन भूतकथांचे फ्रेंच भाषांतर वाचून झाले. मग प्रत्येकाने स्वतःची भूतकथा लिहायची असे बायरनने फर्मावले. दोघे नामांकित कवी रात्र रात्र बोलत बसले. त्या मंडळीतली अठरा वर्षांची मेरी ऐकत होती, आणि आपण जवळजवळ काहीच बोललो नाही असे तिने पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. कवींच्या हातून त्या पैजेतले फारसे काही पुरे झाले नाही. मेरीचे ‘फ्रँकेन्स्टाइन’ १८१८ साली आले.

तर आजच्या ऐकणाऱ्याची अडचण विक्रमाचीच आहे. त्याला उत्तरे ठाऊक असतात. कथेत चकवा लागलेला माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे पुन्हा त्याच वडाखाली येतो, तेव्हा श्रोत्याच्या जिभेवर २००९ सालचा जर्मनीतला प्रयोग येऊन बसतो: संशोधकांनी लोकांना जंगलात सरळ चालायला सांगितले, सूर्य दिसत होता ते बऱ्यापैकी सरळ गेले, आणि आभाळ भरलेले असताना चाललेले लोक नकळत गोल फिरून स्वतःचीच वाट ओलांडत राहिले. म्हणजे चकव्याला ढग लागतात. हे सांगण्यासारखे आहे, पण चहाच्या वेळी. तीच गोष्ट कुजक्या ओंडक्यावर दिसणाऱ्या हिरवट उजेडाची. आंबोलीत आणि भीमाशंकरला भर पावसात ओल्या लाकडावर मायसीना नावाची बुरशी खरोखरच उजळते, जवळ गेलात तर बोटभर उंचीच्या छत्र्याही दिसतात. माळ्यावरून बाईसारखे किंचाळते ते बहुधा गव्हाणी घुबड. ते घूघू करत नाही, चिरकते, आणि पिसांना मऊ झालर असल्यामुळे उडताना त्याच्या पंखांचा आवाज होत नाही, म्हणून किंकाळी आधी इथून आणि लगेच तिथून येते. सगळे खरे आहे. बोललात की वेताळ झाडावर. न बोलण्याने डोके फुटल्याचे उदाहरण माझ्या माहितीत नाही; एका वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना मी तासभर ओठ आवळून बसलेले पाहिले आहे, ते सुखरूप आहेत.

जातवारीची चूक मात्र खपवून घेऊ नये, कारण ते अज्ञान आहे. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला तो मुंजा, त्याचा पत्ता पिंपळ. बाळंतपणात गेलेली हडळ. पाण्यात दबा धरणारा गिऱ्हा. देवचार या यादीत बसवाल तर सांगणारा रागावेल, आणि ते बरोबरच आहे. तो गावाची राखण करतो, रात्री फेरी मारतो, आणि झिजतात म्हणून त्याला वहाणा, घोंगडे, काठी ठेवतात. चालून चालून वहाणा झिजवणारे भूत मला तरी इतर कुठल्या साहित्यात भेटलेले नाही. त्याच्या नावावर कोणी नुसत्या किंकाळ्या खपवत असेल तर ‘हं’ किंचित थंडपणे म्हणावे. समज पोचते.

ज्यांना ओटी नाही, आठळ्या नाहीत आणि आत्तेला दीर नाही, अशा मुंबई-पुण्यातल्या किंवा न्यू जर्सीतल्या वाचकांनी इअरफोनवर ध्वनिकथा ऐकाव्यात. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथा कोणी घरात मोठ्याने वाचून दाखवणार असेल तर ते केव्हाही चांगले. इअरफोनवाल्यांना दोन इशारे. यंत्रातल्या सांगणाऱ्याला तुमचा हुंकार लागत नाही, तो आपल्या गतीने पुढे जातो, त्यामुळे घाबरायला वेळ मिळत नाही. थांबवण्याचे बटण वापरावे. दुसरे, पार्श्वसंगीतात लांडगे ओरडू लागले की कथा बंद करावी. लांडगा घाटावरच्या माळरानाचा प्राणी. रत्नागिरीच्या खाडीकाठी तो ओरडत असेल तर त्या कथेतल्या भुताचाही काही भरवसा नाही. कोल्हेकुई चालेल.

भूतकथेत उपाय आला की ती संपली असे समजून उठावे. ‘अमक्या गावात एक जण आहे, नारळ आणि अमुक रुपये घेतो’ इथपासून पुढे कथा नसते, धंदा असतो, आणि त्यासाठी महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. चांगल्या भुताला उपाय नसतो. ते पहाटे आपोआप जाते, कारण त्यालाही कामे असतात.

राहता राहिली पुनरावृत्तीची बाब. तीच कथा पुढच्या पावसाळ्यात पुन्हा ऐकायला मिळेल, आणि तपशील बदललेले असतील. त्यात दुरुस्ती करू नये. भूत दर वर्षी थोडे थोडे जवळ येते, हा नियमच आहे: पहिल्यांदा ते तालुक्याच्या पलीकडे असते, मग शेजारच्या गावात, मग व्हाळापलीकडच्या काजूच्या बागेत. तोवर निमूट ऐकावे. पण ज्या वर्षी ते आपल्याच परसातल्या विहिरीवर येऊन बसले, त्या वर्षी मात्र सांगणाऱ्याला मधेच अडवून काजूचा भाव विचारायला हरकत नाही, कारण सकाळी पाणी शेंदायला आपल्यालाच जायचे असते.