श्री. रेंज एक्स्टेंडर यांस अनावृत पत्र

प्रति,
श्री. रेंज एक्स्टेंडर,
मागच्या बेडरूममधील प्लगपॉइंट, कपाटाआड.

सा. न. वि. वि.

मुख्य राउटरकडून येणाऱ्या वाय-फायच्या लहरी ग्रहण करून त्या पुढच्या खोल्यांत पुन्हा प्रक्षेपित करण्यासाठीच आपला जन्म झाला असल्याचे आपल्या खोक्यावर छापलेले आहे, आणि शेजारीच '१२००' हा आकडाही ठळकपणे विराजमान आहे. सदर आकडा म्हणजे २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरील ३०० आणि ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरील ८६७ मेगाबिट प्रतिसेकंद या दोन सैद्धान्तिक कमाल वेगांची, वर थोडी फुगवलेली बेरीज होय. सर्वसाधारण फोन एका वेळी यांपैकी एकाच पट्ट्याशी जोडलेला असल्याने ही बेरीज त्याच्या वाट्याला कधीच येत नाही. तथापि अंकगणितातील हे औदार्य क्षम्य मानता येईल.

अक्षम्य आहे ती आपली 'फुल रेंज'. फोनच्या पडद्यावरील वाय-फायचे चिन्ह केवळ फोन आणि तो ज्याला जोडलेला आहे ते उपकरण यांच्यामधील लहरींची तीव्रता दाखवते. त्या उपकरणाचा मुख्य राउटरशी असलेला दुवा, ज्यास तंत्रज्ञ बॅकहॉल म्हणतात, धडधाकट आहे की शेवटच्या घटका मोजत आहे, याविषयी ते चिन्ह अवाक्षर काढत नाही. या मौनाचा आपण जो लाभ घेतला त्यास तोड नाही. घरातील मुलीची नोकरीसाठीची ऑनलाइन मुलाखत ऐन प्रश्नोत्तरांत गोठली, परीक्षकांचा चेहरा अर्धवट उघड्या तोंडानिशी पडद्यावर थिजला, आणि चिन्ह मात्र काठोकाठ भरलेले! कोरड्या टाकीला बसवलेल्या चकचकीत नळाने याहून वेगळे काय केले असते? ग्राहक सेवा केंद्राने तर 'रेंज फुल दाखवतेय ना, मग फोन तपासून घ्या' एवढ्यावर तक्रार निकालात काढली. खोटी साक्ष आपली, शिक्षा फोनला.

हॉलमधील राउटरचा क्षीण धागा धरून बसलेला फोन बेडरूममध्ये आल्यावरही आपल्याकडे वळत नाही, हा दोष मात्र आपल्या माथी मारता येत नाही, कारण कोणाशी जोडून घ्यावे याचा अंतिम निर्णय फोनच घेत असतो.

न्यायबुद्धी बाजूस ठेवूनच हे पत्र लिहिले जात असले, तरी आपल्या स्थितीचा विचार केला की लेखणी किंचित अडखळते. आपल्यासारख्या स्वस्त उपकरणास बहुधा एकाच रेडिओवर, एकाच चॅनेलवर ऐकावेही लागते आणि बोलावेही लागते, त्यामुळे माहितीचा प्रत्येक तुकडा हवेतून दोनदा जातो आणि वेग साधारण निम्म्यावर येतो. त्यातून आपली नेमणूक झाली ती रेंज जिथे आधीच मेलेली आहे तिथे, कारण मोकळा प्लग तेवढाच होता. वस्तुतः राउटर आणि अंधारी खोली यांच्या मध्यावर, जिथे लहरी अजून सशक्त आहेत, तिथे आपली जागा. मध्ये आरसीसीचा खांब आणि टाइल्स-पाइपांनी भरलेले बाथरूम. ऐकू येत नसलेल्या गोष्टीची आपण पुनरुक्ती करावी तरी कशी?

आणि हा खांब उभारणारे बिल्डर महाशय? एसीचा पॉइंट, टीव्हीचा पॉइंट, दारात इंटरकॉम, सारे काही. पण हॉलपासून बेडरूमपर्यंत नेटवर्क केबल ओढता येईल एवढी एक रिकामी नळी स्लॅबमध्ये टाकायला त्यांचे हात झडले होते काय? साधी कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत एक गिगाबिटचा वेग नेते. ती नाही, म्हणून तिप्पट किमतीचा मेश संच दुकानदार पुढे सरकवतो, ज्याचे घटक बिनतारी बॅकहॉलवर त्याच खांबाशी डोके आपटतात!

तरी आपण तूर्त पॅसेजमधील प्लगवर स्थलांतर करावे, ही विनंती.

कळावे,
एक संतप्त कुटुंब

ता. क. : माळ्यावरचा जुना राउटर आपल्या मदतीस जोडण्याचा बेत घरात शिजत आहे. त्याचे डीएचसीपी, म्हणजे घरातील उपकरणांना आयपी पत्ते वाटण्याचे काम, आधी बंद केले नाही तर एकाच घरात पत्ते वाटणारे दोघे होतात, हे अद्याप कोणीही वाचलेले नाही. भांडण जुंपल्यास आपण तटस्थ राहावे.