छटाककाका

‘विचित्र’ हा शब्द छटाककाकांसमोर उच्चारू नये. उच्चारायचाच असेल तर पुढचा अर्धा तास मोकळा ठेवावा. परवा तळमजल्यावरच्या वहिनी सहज बोलून गेल्या, “आमचा नवा भाडेकरू जरा विचित्रच आहे हो.” काका जिना चढत होते, ते दोन पायऱ्या उतरून परत खाली आले.

“विचित्र म्हणजे इंग्रजीत काय?”

“म्हणजे... स्ट्रेंज?”

“ओळख झाली का त्याच्याशी?”

“झाली की. कालच वाटीभर साखर घेऊन गेला.”

“मग स्ट्रेंज कसा होईल? स्ट्रेंजच्या पोटात लॅटिनमधला ‘बाहेरचा’ बसलाय. साखर नेली, बाहेरचेपणा संपला. करतो काय तो?”

“पहाटे तीनला कुकर लावतो.”

“रोज?”

“रोज.”

“म्हणजे एकदाच कधीतरी नाही. ऑडही बाद. पिक्युलिअर!” काकांचा चेहरा उजळला. वहिनींच्या हातातल्या दुधाच्या पिशवीला तोवर घाम फुटला होता. वहिनींनाही.

काकांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते फक्त पोस्टमन वाचतो. शब्दांच्या छटा सांगतात म्हणून पोरांनी त्यांना छटाकाका म्हणायला सुरुवात केली. बी विंगमधल्या एका आजींनी त्याला ‘क’ जोडला. शेराचा सोळावा भाग म्हणजे छटाक, हे त्या इमारतीत फक्त त्यांनाच ठाऊक होतं. काकांना नाव पसंत पडलं. “पाच तोळे,” ते म्हणाले. “एवढा फरक वाण्याच्या लक्षात यायचा, तर माणसाच्या का येऊ नये?”

हसण्याआधी एक सांगायला हवं. काका नोकरीभर कोर्टात भाषांतरकार होते. खालच्या कोर्टात मराठीत झालेल्या साक्षी अपिलाच्या पेपरबुकासाठी इंग्रजीत न्यायच्या, हे काम. साक्षीदार म्हणणार, “आरोपी त्या दिशी येड्यावानी करत हुता.” आता हे इंग्रजीत काय लिहायचं? भारतीय दंड संहितेचं कलम 84 म्हणायचं की, मन ठिकाणावर नसल्यामुळे आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हेच ज्याला कळत नाही, त्याच्या हातून गुन्हा घडला असं धरायचं नाही. त्याच वेळी कोर्टांनी हेही वारंवार बजावलंय की नुसतं तऱ्हेवाईक वागणं म्हणजे कायद्यातलं वेड नव्हे. म्हणजे मॅड लिहिलं तर भाषांतरकारानेच आरोपीच्या बाजूचा निम्मा युक्तिवाद केल्यासारखं, आणि ऑड लिहिलं तर त्याच्या हातची काठी काढून घेतल्यासारखं. काका ‘वानी’वर अडून बसत. “वानी म्हणजे सारखा. सारखा म्हणजे तोच नव्हे,” असं म्हणत ते टायपिस्टला थांबवून ठेवत. टायपिस्ट त्यांच्याविषयी काय म्हणे, त्याला मात्र इंग्रजीत छटा नाहीत.

निवृत्तीनंतर साक्षीदार संपले आणि काकांनी सोसायटी हातात घेतली. खिशात एक डायरी असते. तिच्यात सभासदांची नोंद फ्लॅट नंबरप्रमाणे नाही, छटेप्रमाणे आहे. गच्चीत पंधरा मांजरांना दूध घालणारे वरचे साहेब ‘एक्सेंट्रिक’. तेच वॉचमनने केलं तर मॅनेजिंग कमिटी त्याला वेडा म्हणेल, हे काकांनीच दाखवून दिलं. एक्सेंट्रिक व्हायला नावावर थोडी जागा लागते, असं त्यांचं निरीक्षण आहे आणि मला ते इंग्रजांच्या साहित्यापेक्षा आमच्या सोसायटीला जास्त लागू वाटतं.

या एक्सेंट्रिकपायी गणपतीची वर्गणी बुडाली ती गोष्ट वेगळीच. पोरं पावतीपुस्तक घेऊन आली तेव्हा काका त्याच नोंदीवर होते. ग्रीक ज्योतिष्यांनी ग्रहांसाठी जी वर्तुळं कल्पिली, त्यांतल्या काहींचा मध्य पृथ्वीवर येत नव्हता. ती केंद्राबाहेरची वर्तुळं म्हणजे एक्सेंट्रिक. “आणि हे ‘केंद्र’ तरी आपलं कुठंय? संस्कृत ज्योतिषाने ते ग्रीकांच्या ‘केंट्रॉन’वरून घेतलं!” पोरांनी टॉलेमीला कसंबसं तोंड दिलं. पाचशे एकची पावती फाडायला आलेली ती मंडळी एकशे एकवर समाधान मानून जिन्यातून जवळजवळ पळाली.

पिक्युलिअर हा काकांचा सगळ्यांत लाडका शब्द. लॅटिनमध्ये ‘पेकू’ म्हणजे गुरंढोरं, आणि आपल्या ‘पशु’चं ते सख्खं भावंड. गुरं हीच संपत्ती, त्यावरून ‘पेकुलियम’. रोममध्ये मुलाला किंवा गुलामाला स्वतःकडे म्हणून जे काही बाळगू देत, ते त्याचं पेकुलियम. तेव्हा पिक्युलिअर म्हणजे ज्याचं त्याचं, खासगी, दुसऱ्याकडे न मिळणारं. “पहाटे तीनचा कुकर हे त्या मुलाचं गोधन आहे,” असं त्यांनी वहिनींना समजावलं. वहिनींनी ते नवऱ्याला सांगितलं. आता तो नवराही काकांना पाहिलं की जिना बदलतो.

घरात मात्र त्यांचं एवढं चालत नाही. नातीला सगळंच वीअर्ड वाटतं. गणिताचे सर वीअर्ड, आजोबांचा स्वेटर वीअर्ड, डब्यातलं कारलंही वीअर्ड. काकांनी तिला समोर बसवलं. वीअर्ड म्हणजे जुन्या इंग्रजीत नियती. ‘मॅकबेथ’मधल्या चेटकिणींना शेक्सपिअरने हा शब्द लावला तो त्या भविष्य जाणतात म्हणून. ‘चमत्कारिक’ हा अर्थ फार नंतरचा, एकोणिसाव्या शतकातला. “आता सांग, कारलं ही नियती कशी?”

“आजोबा, काल डब्यात तेच होतं, आज तेच आहे आणि उद्याही तेच असणार.”

काकांनी नोंद दुरुस्त केली.

चौथ्या मजल्यावरच्या मुलीचं प्रकरण जरा नाजूक होतं. तिच्या खांद्याला एक कापडी पिशवी असते आणि तिच्यावर ‘क्विअर’ असं ठसठशीत छापलेलं आहे. मुंबईत 2010 पासून ‘कशिश’ हा क्विअर चित्रपटांचा महोत्सव भरतो, तिथे ती न चुकता जाते. कमिटीत कुजबुज होतीच. एके संध्याकाळी काकांनी तिला गेटपाशी थांबवलं आणि बाकावरचे तीन ज्येष्ठ नागरिक एकदम गप्प झाले.

“आम्हाला शाळेत याचा अर्थ चमत्कारिक असा शिकवला,” काका म्हणाले. “पुढे ती शिवी झाली, तेही वाचलं. सध्याची परिस्थिती काय?”

“सध्या आम्ही तो आमच्याकडे घेतलाय, काका. शिवी होता म्हणूनच घेतला.”

“म्हणजे स्वतःच्या मालकीचा केलात.” काकांनी डायरी काढली. “म्हणजे पिक्युलिअर झाला की! हस्तांतराचं साल सांगता येईल?”

ती खळखळून हसली आणि म्हणाली, अमेरिकेत 1990 च्या सुमारास चळवळीतल्या लोकांनी सुरुवात केली. काकांनी साल लिहून घेतलं. बाकावरची कुजबुज त्या दिवसापुरती थांबली, कारण आता काका आपल्याला समजावायला येतील ही भीती मोठी होती.

काकूंकडे या सगळ्याला एकच शब्द आहे, “काहीतरीच!” बँकेच्या फोनवरची यंत्रबाई अचूक मराठी बोलते पण मध्ये श्वास घेत नाही, तेव्हा काका ‘अनकॅनी’ म्हणून फ्रॉइडच्या 1919 सालच्या निबंधापर्यंत जातात. ओळखीचंच आहे, तरी अंगावर काटा येतो, तो हा प्रकार. काकू फोन कानापासून लांब धरून “काहीतरीच!” म्हणतात. काकांनी कौतुक केलं तरी “काहीतरीच!”, फक्त तेव्हा ‘री’ लांबते. काका चोरून याही छटा मोजतायत, पण ती पानं ते कुणाला दाखवत नाहीत.

गेल्या महिन्यात लिफ्ट आवाज करू लागली. खरं तर आवाज जुनाच, कमिटीला ऐकू आता आला. सेक्रेटरींनी कंपनीला इंग्रजीत पत्र लिहिलं की लिफ्टमधून स्ट्रेंज आवाज येतो. सहीसाठी ते काकांकडे गेलं, कारण काका कमिटीवर आहेत. काकांनी स्ट्रेंज खोडलं, आवाज सगळ्यांच्या ओळखीचा आहे म्हणून. ऑड लिहिलं आणि तेही खोडलं, कारण जोडी लावून जो उरतो तो ऑड, आणि हा आवाज तर प्रत्येक मजल्यावर हजेरी लावतो. ईअरी म्हणावं तर भीती कुणालाच वाटत नव्हती, सातव्या मजल्याच्या आजोबांना सोडून. पत्र चार दिवस काकांच्या टेबलावर राहिलं. शेवटी सेक्रेटरींनी फोन उचलला आणि मेकॅनिकलाच बोलावलं.

मेकॅनिक बावीस-तेवीस वर्षांचा, हातात टॉर्च. त्याने काकांनाच विचारलं, “साहेब, आवाज कसला येतो?”

“तेच तर ठरत नाहीये.”

“नाही, म्हणजे कुरकुर, खडखड की घरघर? कुरकुर असेल तर तेलपाणी बघतो. खडखड असेल तर दरवाजाचा रोलर गेला. घरघर असेल तर मोटारीचं बेअरिंग, मग खर्च येईल.”

काका त्याच्याकडे बघतच राहिले. मग खाली पायरीवर बसले आणि डायरीचं कोरं पान काढलं. “परत सांग. सावकाश. आणि करकर असेल तर?”

“करकर वेगळी, साहेब. ती दोराची.”

“आणि कुरकुर आणि करकर यांच्यात...”

“ओ काका,” वरून सेक्रेटरी ओरडले, “त्याला तासाचे पैसे द्यावे लागतात!”