सहाबारीची कानपूरवारी

बिघडलेला पंखा, बिघडलेली शिलाई मशीन आणि बिघडलेले रिव्हॉल्व्हर या तीन वस्तूंपैकी पहिल्या दोहोंचा मालक दुकानदाराशी मनसोक्त भांडू शकतो, तिसरीच्या मालकाला ती सोय नाही, आणि प्रस्तुत प्रवासाचे सारे वळण या एका वस्तुस्थितीने ठरवलेले आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या पाचव्या कलमाने शस्त्रांची निर्मिती आणि विक्री यांच्याबरोबर त्यांच्या दुरुस्तीलाही परवाना आवश्यक केला असल्यामुळे, ज्या देशात नाक्यावरचा मिस्त्री मिक्सरपासून मोटारपंपापर्यंत काहीही उघडून बसतो, त्याच देशात रिव्हॉल्व्हरचा एक स्क्रू सैल करणाराही परवानाधारक असावा लागतो, आणि असे लोक जिल्ह्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच सापडतात. साहजिकच 'दुसरीकडे जातो' ही ग्राहकाची पहिली धमकी येथे लागू पडत नाही, कारण दुसरीकडे कोणी नसते. आवाज चढवणे, वस्तू काउंटरवर आपटणे, 'बघून घेतो' म्हणणे ही तक्रारीची पुढची रूढ साधनेही बाद होतात. कारण हातात शस्त्र असलेल्या माणसाने ती वापरली की भारतीय न्याय संहितेच्या ३५१ व्या कलमात ज्याला फौजदारीपात्र धाकदपटशा म्हणतात तो गुन्हा अगदी शेजारी येऊन उभा राहतो. सारांश, नादुरुस्त रिव्हॉल्व्हरचा मालक हा भारतातील सर्वांत नम्र ग्राहक असतो, आणि काउंटरपलीकडच्या मंडळींना हे पक्के ठाऊक असते.

या वर्णनातील प्रवासी वाळवा तालुक्यातील एक ऊसबागायतदार असून त्यांच्याजवळ .३२ बोअरचे, सहा काडतुसांचे आणि मध्यातून मोडून उघडणारे रिव्हॉल्व्हर आहे. बोअर म्हणजे नळीच्या पोकळीचे माप; .३८ आणि नऊ मिलिमीटर ही मापे सर्वसामान्यांना वर्ज्य असल्याने नागरी परवानाधारकाच्या वाट्याला बहुधा .३२ हेच येते. शस्त्र कशासाठी घेतले, या प्रश्नाला अर्जात 'स्वसंरक्षण' एवढेच उत्तर असल्यामुळे ते भाऊबंदांसाठी होते की रानडुकरांसाठी, याचा निर्णय संशोधकाला करता येत नाही. त्याचा सार्वजनिक वापर मात्र सुस्पष्ट आहे: दरवर्षी खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी होणाऱ्या शस्त्रपूजेत, ते पाटावर कोयता, खुरपे आणि ट्रॅक्टरची किल्ली यांच्या शेजारी विराजमान होते, त्याला हळदकुंकू लागते, अक्षता वाहिल्या जातात आणि झेंडूचे फूल नळीवर टेकवले जाते. या तपशिलाचे महत्त्व पुढे कळून येईल.

बिघाड लक्षात आला तो परवाना असलेल्या एका नेमबाजी केंद्रावर. रिव्हॉल्व्हरचा चाप ओढला की मागचा घोडा पडतो, त्याची टोकदार टाचणी काडतुसाच्या बुडातील टोपीवर आदळते, टोपीतील संवेदनशील मिश्रण पेट घेते आणि त्या ठिणगीने आतली दारू उडते. येथे घोडा पडत होता, आवाजही 'टक्' असा नीट होत होता, पण बार काही केल्या उडत नव्हता. न उडालेल्या काडतुसांच्या बुडावर टाचणीची खूण होती, परंतु ती जुन्या माणसांच्या दंडावरील देवीच्या व्रणाइतकी फिकट होती. टाचणीचा आघात अपुरा पडतो आहे, हे एवढ्यावरून कोणाही जाणत्याला कळले असते. परंतु जाणत्याला कळणे आणि काउंटरला मान्य होणे यांच्या दरम्यान हजाराहून अधिक किलोमीटरचे अंतर होते.

जिल्ह्याच्या ठिकाणच्या शस्त्रविक्रेत्याने रिव्हॉल्व्हर हातात न घेताच ते कानपूरला न्यावे लागेल असे सांगितले. परवान्याची क्षेत्रमर्यादा महाराष्ट्रापुरती होती. क्षेत्रमर्यादा म्हणजे ज्या प्रदेशात शस्त्र बाळगता आणि वाहून नेता येते तो प्रदेश, तेव्हा ती वाढवून घेण्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयातील शस्त्रपरवान्याच्या टेबलाकडे हेलपाटे सुरू झाले. पुढे १५ ऑक्टोबर २०२४ रोजी विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि निवडणूककाळात परवान्याची शस्त्रे जमा करून घेण्याच्या प्रथेनुसार पोलीस ठाण्यात रिव्हॉल्व्हर ठेवून घेतले गेले. ते चालत नाही, असे मालकाने ठाण्यात नम्रपणे निवेदन केले असता, मग तर जमा करायला काहीच हरकत नसावी, असे तितकेच नम्र उत्तर मिळाले. या युक्तिवादात खोट काढता येत नाही.

निवडणूक संपली, शस्त्र सुटले, क्षेत्रवाढीचा शिक्का मिळाला आणि बागायतदार भाच्यासह मिरजेहून गोवा एक्स्प्रेसने निघाले. भाच्याला सोबत घेण्यामागे प्रेमापेक्षा कायदा अधिक होता. अधिनियमाच्या तिसऱ्या कलमातील परंतुक असे सांगते की, परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्राने दुसऱ्या व्यक्तीला दुरुस्तीसाठी शस्त्र नेता येते. मामांनी या तरतुदीचा अर्थ 'पिशवी भाच्याने धरायची' असा लावला आणि समक्षता कायम राहावी म्हणून रात्रभर त्याच्याकडे टक लावून पाहिले. रिकामे रिव्हॉल्व्हर कुलूपबंद स्टीलच्या डब्यात, काडतुसे वेगळ्या डब्यात आणि दशम्या व शेंगदाण्याची चटणी तिसऱ्या डब्यात, अशी मांडणी होती. तिन्ही डबे एकाच दुकानातून एकाच वेळी घेतलेले असल्यामुळे मनमाडच्या पुढे जेवायला बसताना जे घडायचे ते घडले, आणि समोरच्या बाकावरील भुसावळच्या कुटुंबाने आपली केळी आवरून पुढचा प्रवास दाराजवळ उभे राहून केला. त्यांना दोष देता येत नाही. एरवी शस्त्रांचे त्या परिसराला वावडे नाही. भुसावळपासून जवळच वरणगावला लष्करासाठी काडतुसे तयार करणारा कारखाना आहे. शेंगदाण्याच्या चटणीला वंगणाचा वास लागला होता, तरी ती संपली.

झाशीला गाडी बदलून, उरई आणि काल्पी मागे टाकत, प्रवासी कानपूरला पोहोचले. मराठी माणसाने या मुलखात यावे आणि काम व्हायच्या ऐवजी भलतेच काही पाहून परतावे, याला जुनी परंपरा आहे: वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले, त्याचा वृत्तान्त १९०७ साली 'माझा प्रवास' या नावाने छापला गेला. बागायतदारांना मात्र पहिला धक्का बसला तो वेगळ्याच कारणाने. आपल्या तालुक्यात जे रिव्हॉल्व्हर म्हणजे घराण्याची शान, ते येथे रांगेतल्या टोकनाला पात्र एवढेच होते. शस्त्रपरवान्यांच्या संख्येत उत्तर प्रदेश देशात पहिला आहे, आणि कानपुरातील मेस्टन रोडवर चपलांच्या व चामड्याच्या दुकानांच्या शेजारी बंदुकांची दुकाने असल्याने, पादत्राण आणि शस्त्र एकाच फेरीत बदलून नेणारी माणसे तेथे निवांत फिरत असतात. ज्या काउंटरवर प्रवासी उभे होते, त्याचे नाव देणे सौजन्याला धरून होणार नाही. रांगेत त्यांच्यापुढे दुनळी बंदूक खांद्यावर टाकलेले दोन वृद्ध शेतकरी होते आणि ते म्हशींच्या भावावर बोलत होते, एवढे नमूद केले की पुरे.

रांगेतच एका बाईंच्या हातात 'निर्भीक' होते. कानपूरच्या सरकारी शस्त्रनिर्माणीने २०१४ साली मुख्यत्वे स्त्रियांना डोळ्यांपुढे ठेवून काढलेले हे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे आणि बाजारात आले तेव्हा १,२२,३६० रुपये किमतीचे होते. ते दागिन्यांच्या डबीसारख्या लालसर डबीतून दिले जाई. भाच्याने त्या डबीकडे आणि मग मामांच्या स्टीलच्या डब्याकडे पाहिले. मामांनी दुसरीकडे पाहिले.

काउंटरवरील कारकुनाने रिव्हॉल्व्हर मोडून उघडले, मिटवले, अंगठ्याने घोडा मागे ओढला, चाप दाबला, 'टक्' असा आवाज ऐकला आणि शस्त्र उत्तम चालत असल्याचा निर्वाळा दिला. येथे एक तांत्रिक भेद समजून घेणे आवश्यक आहे. घोडा आधी अंगठ्याने ओढून मग चाप दाबणे याला सिंगल ॲक्शन म्हणतात, तर नुसता चाप ओढूनच घोडा उचलणे आणि पाडणे याला डबल ॲक्शन. दुसऱ्या प्रकारात घोडा बहुधा कमी अंतरावरून पडत असल्याने अशक्त आघाताचा दोष त्यातच प्रथम उघडकीस येतो. बागायतदार नेहमी दुसऱ्या रीतीने झाडत असत आणि कारकून पहिल्या रीतीने तपासत होता, तेव्हा दोघेही आपापल्या परीने सत्यच बोलत होते. दोष दाखवायचा तर काडतूस घालून झाडायला हवे; काउंटरवर झाडता येत नाही; झाडण्याची जागा मागच्या आवारात; तिची किल्ली चाचणी घेणाऱ्या गृहस्थांकडे; आणि ते गृहस्थ मेहुणीच्या लग्नाला उन्नावला. मग दोष काडतुसाचाच असणार, असे कारकुनाने सुचवले. काडतुसांच्या बुडावर 'के एफ' ही अक्षरे होती, म्हणजे ती १८६९ पासून चालत आलेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली. तेव्हा तक्रार पुण्याला करावी, असा सल्ला पुण्यावरूनच आलेल्या माणसाला देण्यात आला. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या, त्यांत बंदुकांची कंपनी कानपूरला आणि दारूगोळ्याची पुण्याला गेली. त्यामुळे घोडा आणि काडतूस यांच्यातील वाद, जो पूर्वी एकाच मंडळाच्या घरातला होता, तो आता दोन शहरांतील दोन संचालक मंडळांपर्यंत नेता येतो, ही प्रशासकीय प्रगती कारकुनाने अचूक हेरली होती.

या क्षणी सर्वसाधारण ग्राहकाने काय केले असते, हे सांगण्याची गरज नाही. बागायतदारांची मूठ वळली, पण त्या मुठीत रिव्हॉल्व्हर असल्याचे लक्षात येताच ती सुटली, आणि त्यांनी अत्यंत मऊ आवाजात कारकुनाच्या मुलाबाळांची चौकशी केली.

चाचणीवाले गृहस्थ परत येईपर्यंत मामा-भाचे बिठूरला जाऊन आले. गंगेकाठचे हे ब्रह्मावर्त क्षेत्र कानपूरहून जवळच असून १८१८ साली राज्य गेल्यावर दुसऱ्या बाजीरावाला वार्षिक आठ लाख रुपयांच्या तनख्यावर येथेच आणून बसवण्यात आले. १८५१ मध्ये तो वारल्यावर हा तनखा दत्तकपुत्र नानासाहेबांना द्यायला कंपनीने नकार दिला, अर्जांना दाद मिळाली नाही, म्हणून नानासाहेबांनी अझीमुल्ला खान यांना थेट लंडनला धाडले आणि तेथेही काम झाले नाही. तक्रारदार मराठी, तक्रार रास्त, कागदपत्रे पूर्ण, वकील इंग्रजी बोलणारा, आणि उत्तर 'नियमांत बसत नाही': तक्रार निवारणाच्या इतिहासात या प्रकरणाला मिळायला हवे ते स्थान अद्याप मिळालेले नाही. पुढे काही वर्षांत काडतुसांविषयीच एक दुसरी तक्रार उद्भवली आणि तिच्याकडेही वरिष्ठांनी वेळीच लक्ष दिले नाही. घाटावर बसून मामांनी नानासाहेबांविषयी जो आदर व्यक्त केला तो त्यांच्या पराक्रमापेक्षा त्यांच्या सहनशक्तीबद्दल होता. परतताना भाच्याने शहरातल्या प्रसिद्ध 'ठग्गू के लड्डू' या दुकानातून लाडू घेतले. ज्याला आम्ही ठकवले नाही असा एकही सगा उरला नाही, असे हे दुकान स्वतःच पाटीवर जाहीर करते, आणि लाडू मात्र चोख देते. काउंटरच्या अनुभवानंतर हा व्यवहार मामांना फारच सरळ वाटला.

अखेर एका वयोवृद्ध कारागिराने बाजूची पट्टी उघडली तेव्हा निदान झाले. आतल्या मुख्य कमानीभोवती वंगणात कालवलेल्या कुंकवाचा घट्ट, काळपट तांबडा लेप बसला होता, आणि घोड्याच्या पायाशी, जेथे त्याला पूर्ण खाली यायचे असते नेमके तेथे, तांदळाचा एक दाणा रुतलेला होता. अक्षत ती, अनेक खंडेनवम्यांच्या आघातांनंतरही अक्षतच राहिली होती. कारागिराने दाणा चिमट्याने काढला, कुंकू पाहिले, उघड्या रिव्हॉल्व्हरला हात जोडले आणि मग तो दाणा कागदाच्या पुडीत बांधून मालकाच्या हाती दिला. खडकीची काडतुसे निर्दोष ठरली. कारकुनाने मात्र हमीपत्राच्या रकान्यात 'बाह्य पदार्थ, गैरवापर' असे लिहून दुरुस्ती मोफत होणार नसल्याचे कळवले. पूजा हा गैरवापर कसा, या प्रश्नावर त्याने वरिष्ठांकडे अर्ज करण्याची मुभा दिली. नवे घ्यावे म्हटले तर तोही मार्ग सोपा उरलेला नाही, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुले यांवरील वस्तू व सेवा कर २८ वरून ४० टक्के झाला असून ती आता शीतपेयांच्या पंक्तीला बसली आहेत. कमान बदलायची ठरली, शस्त्र ठेवून पावती घेतली गेली आणि मामा-भाचे पुडीसह परतले.

काही काळाने शस्त्र तयार असल्याचे पत्र आले. चालू मुदतीचा मूळ परवाना घेऊन परवानाधारकाने स्वतः हजर राहावे, अशी त्यात अट होती. शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत पाच वर्षांची केली आहे आणि ती पाच वर्षे नेमकी याच दरम्यान भरली. नूतनीकरणासाठी शस्त्र तपासणीला दाखवावे लागेल, असे टेबलावरून सांगण्यात आले. शस्त्र कानपूरला, आणि कानपूर ते नूतनीकरण झाल्याशिवाय सोडणार नाही. मामा पुन्हा एकदा अत्यंत मऊ आवाजात बोलले. टेबलावरील बाई समजूतदार होत्या. शस्त्रावर कोरलेला क्रमांक स्पष्ट दिसेल असे छायाचित्र मागवून जोडा, तेवढ्यावर प्रस्ताव पुढे पाठवता येईल, असा तोडगा त्यांनी काढला. कानपूरने व्हॉट्सॲपवर त्याच दिवशी छायाचित्र पाठवले. प्रकाश चांगला होता, पार्श्वभूमीला निळी मखमल होती, क्रमांकाचा आकडा न् आकडा वाचता येत होता, आणि तो क्रमांक दुसऱ्याच कोणाच्या रिव्हॉल्व्हरचा होता.