मागच्या ब्रेकची हवा

खंडेनवमीला नागपुरातल्या गाड्यांचं भाग्य उजळतं. टाकीला पॉलिश, हॅण्डलला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. मागच्या ब्रेकच्या वाट्याला यातलं काही येत नाही. तो चाकाशी चिखल खात बसलेला. पाय दिला की गाडी थांबते, म्हणजे सगळं ठीकच असणार!

मग कधीतरी व्हरायटी चौकाच्या सिग्नलला पेडल तर्री मुरलेल्या पोह्यांसारखं मऊ लागतं. दोष लगेच उन्हाला जातो. खरं तर मे महिन्यात पारा ४५ च्या वर चढला, तरी ताज्या डॉट ४ ब्रेक ऑइलला त्याचं काही नाही. त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस. पण हे ऑइल हवेतला ओलावा शोषत राहतं. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की तोच आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो. पॅड डिस्कवर घासून तापले की आत वाफेचे बुडबुडे होतात. सतराव्या शतकातल्या पास्कलच्या नियमाची सगळी भिस्त इथे द्रवावर. द्रव दाब पुढे पोचवतो, बुडबुडा मात्र स्वतःच दबून मोकळा होतो. दर दोन वर्षांनी ऑइल बदला, असं माहितीपुस्तिका सांगते. ती सीटखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत, कोरी करकरीत असते.

कॅलिपर खोलून पिस्टन बाहेर काढला की खरी करमणूक. सीलच्या खाचेत पांढरट खरपुडी जमलेली. ती स्क्रू-ड्रायव्हरने खरवडू नये, बांबूची काडी बरी. हे चौकोनी काठाचं रबर फक्त गळती थांबवत नाही; ब्रेक मारताना जरासं ताणलं जातं आणि पाय उचलताच पिस्टनला केसभर मागे ओढतं. एवढ्याशा रबराच्या भरवशावर आपण वर्धा रोडवर गाडी हाणतो. पेडलकडच्या मास्टर सिलिंडरमध्येही सुईच्या टोकाएवढं भोक असतं. ते गाळाने बुजलं तर ब्रेक लागतो, पण सुटत नाही.

आपल्याकडे साफसफाई म्हणजे पेट्रोल. चेन पेट्रोलने, हात पेट्रोलने, शर्टवरचा डागही पेट्रोलनेच. इथे ते चालत नाही. ब्रेकमधलं रबर पेट्रोलने फुगतं. ब्रेक क्लीनर आणायचा, आणि नवं सील बसवताना ताजं ब्रेक ऑइलच चोळायचं. त्याचा थेंब टाकीवर सांडला तर दसऱ्याचं पॉलिश रंगासकट जातं.

शेवटी खोलाखोलीत आत शिरलेली हवा काढायची, आणि ते एकट्याच्या हातून नीट होत नाही. मी कॅलिपरवरच्या निप्पलपाशी पाना घेऊन बसलेलो, बायको पेडलवर.

“दाब. आता धरून ठेव.”

“धरलंय.”

मी निप्पल सैल करतो, नळीतून बुडबुडे निघतात, पेडल खाली जातं.

“सोडू?”

“थांब! आधी बंद करू दे.”

पाना फिरायच्या आत पाय उचलला, तर गेलेली हवा परत आत. संसारात एरवी कोणी कोणाचं इतक्या शिस्तीने ऐकत नाही. कुकरच्या शिट्ट्या होतात, पाय हलत नाही. फाटकापाशी शेजारचे काका उभे.

“मिस्त्रीकडे नेली असती त काय झालं असतं?”

बुडबुडे थांबतात, पेडल घट्ट होतं. मी हात पुसतोय तोवर काका आपली जुनी स्कूटर लोटत घेऊन येतात. तिला पुढे-मागे ड्रम ब्रेक. ऑइलचा संबंधच नाही.

“सामान काढलंच आहे त हिचीबी हवा काढून द्या न जरा.”