दीड फूट जादा

आमच्या भागातलं सगळ्यांत नावाजलेलं धुमाल, म्हणजे वरातीचं वाजंत्री पथक, नेमकं कशानं बुडालं, याचा निकाल परवा लागला. दरेकसा स्टेशनाबाहेरच्या टपरीवर, आलूबोंड्याचा पहिला घाणा उतरायच्या आत कामकाज सुरू झालं ते डोंगरगडकडची लोकल येईस्तोवर चाललं. हजर सात. निकाल असा की, गाडी दीड फूट उंच केली, तिथं धुमाल बुडालं.

धुमाल अजून वाजतं, सुपाऱ्या घेतं, लग्नसराईतली त्याची एक तारीख मोकळी नाही, हा मुद्दा कुणी काढला नाही. मीही काढला नाही. चाहत्यांनी बुडालं म्हटलं की बुडालं.

बाकीचे गुन्हे किरकोळीत निघाले. भर वैशाखात पोरांच्या अंगात सोनेरी झालरीचे कोट घातले, एक पोरगं घेरी येऊन ताशासकट पडलं, माफ. हळदीच्या दिवशी बिदाईचं गाणं वाजवलं, नवरीची आई एक दिवस आधीच रडून मोकळी झाली, माफ. एकाच तिथीला सालेकशाचा आणि बोरतलावचा, असे दोन बयाने घेतले. हा तर धंदा आहे, त्यात माफ काय करायचं. उंचीला मात्र माफी नाही.

पूर्वी छोटा हत्ती होता. त्यावर चार पेट्या, एक कॅसियो, मागं जनरेटर. ढोल-ताशावाली पोरं खाली रस्त्यावर, चालत. मग एका विसर्जनाला पल्याडचं, म्हणजे छत्तीसगडचं, धुमाल आलं. त्याच्या पेट्या दुमजली. आमच्या मालकाला रात्रभर झोप नाही. सकाळी त्यानं मोठी गाडी बघितली, तिच्यावर लोखंडी सांगाडा चढवला आणि पल्याडच्यापेक्षा दीड फूट जादा ठेवायला सांगितलं. ज्यानं तो सांगाडा वेल्डिंग करून दिला, तो वेल्डिंगवाला परवाच्या बैठकीत माझ्या शेजारीच होता. सगळ्यांत कडक टीका त्याचीच. "मी तेव्हाच म्हटलं होतं," असं तो तीनदा म्हणाला. मजुरीही त्यानं तेव्हाच घेतली होती.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे, तरी सगळ्यांनी पुन्हा सांगितलं. वरात रेल्वेच्या फाटकाशी आली. वरच्या तारेत 25 हजार व्होल्ट, म्हणून फाटकाच्या अलीकडं लोखंडी कमान असते. तिच्याखालून जे जाईल तेच पुढं जाईल. धुमाल गेलं नाही. नवरदेव अल्याड, नवरी पल्याड, मुहूर्त डोक्यावर. नवरदेवाच्या मामानं अर्धा तास वाट बघितली, मग भाच्याचा हात धरून त्याला पायी रूळ ओलांडवला. मांडवात अक्षता पडत होत्या तेव्हा धुमाल फाटकावर जोरात वाजत होतं, कारण सुपारी तासावर ठरली होती. ऐकायला गेटमन होता. त्या रात्रीचा कार्यक्रम सगळ्यांत रंगला, असं गेटमन सांगतो म्हणतात. त्यालाही इलाज नव्हता, ड्यूटी सोडून जाणार कुठं.

इथवर एकमत होतं. मग कुणीतरी म्हणालं, दीड नाही, सव्वा फूट. झालं. टपरीवाल्याकडं टेप नव्हता, म्हणून वितीनं मोजणं सुरू झालं. वीत कुणाची धरायची यावर पाच मिनिटं गेली. एकानं टायरची हवा काढली असती तर गाडी निघाली असती असा सिद्धांत मांडला, दुसऱ्यानं हवा काढून गाडी किती बसते ते गणितानं दाखवलं, तिसरा म्हणाला, उंची सोडा, कॅसियोवाल्याचं काय ते बोला. सांगाड्यात कॅसियोवाल्याला मधोमध बसवला, चहूबाजूंनी पेट्या, वरती पेट्या. तेव्हापासून तो कुणाला दिसलेला नाही. एक म्हणतो, तो केव्हाच सोडून गेला, आमगावकडं भजनात पेटी वाजवतो. आत आहे तो पेन ड्राइव्ह. दुसरा म्हणतो, खोटं, मी स्वतः दोन पेट्यांच्या फटीतून हात बाहेर आलेला पाहिला, हातानं चहाचा कप घेतला आणि हात आत गेला. यावर वेल्डिंगवाल्यानं फार शांतपणे विचारलं, "तो हात कॅसियोवाल्याचाच होता, याला पुरावा?" सातही जण गप्प. बोटं बघितली होती का? कॅसियोवाल्याच्या करंगळीत पोवळ्याची अंगठी असायची. अंगठी होती का? तो म्हणाला, कपामुळं दिसली नाही. म्हणजे ज्या माणसाच्या वाजवण्यावर ही मंडळी जीव टाकायची, तो गेला की आहे हेच यांना ठाऊक नाही, आणि दर लग्नात त्याच्यापुढं नाचतात मात्र नेमानं. आता बोला!

माझं डोकं इथंच फिरलं. अरे, धुमाल म्हणजे पायी चालायची गोष्ट होती. टिमकीवालं पोरगं तुमच्या डोळ्यांत बघून वाजवायचं. दहाची नोट नवरदेवावरून ओवाळून पुढं धरली की ते ठेका न सोडता काडीच्या टोकानं उचलायचं. गल्ली अरुंद असली की हात बारीक व्हायचा, कुणाच्या दारात आजारी माणूस असलं की तेवढी चार घरं मुकी जायची. माघ पौर्णिमेला कचारगडच्या वाटेवर माणसं ढोल घेऊन चालतात; तिथं उंची वाढवायची तर पायांनीच वाढते. आमच्या धुमालला गाडीवर कुणी चढवलं? याच सातजणांनी. "मजा नाही आली, छातीत धडधडलं पाहिजे," हे वाक्य मी याच टपरीवर, याच तोंडांतून ऐकलंय. सातांपैकी एकानंही आजवर कुणाच्या लग्नात एक रुपया बयाना दिलेला नाही. नाचले सगळे, तेही बिनआमंत्रणाचे. हे आता मालकाच्या चुका मोजणार!

चुका मोजायच्याच तर माझ्या छपराची कवेलू मोजा. सतरा फुटली. शेजारच्या वरातीत धुमाल माझ्या दारासमोर पाऊण तास उभं होतं, कारण नवरदेवाच्या मित्रांना तिथं वळण चांगलं वाटलं. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या आमच्या गुरुजींनी मला समजावून सांगितलं, की 50 हर्ट्झच्या बेसची एक लाट जवळजवळ 7 मीटर लांब असते. माझं घर 6 मीटर रुंद. म्हणजे आवाज घरात मावलाच नाही, छपरातून निघून गेला. जाताना कवेलू घेऊन गेला. आता हातची कवेलू भाजणारा कुंभार विटांच्या धंद्यात गेलाय. जुनं घर पडलं की तिथली मागून आणायची, आणि जुनी घरं पाडायला हल्ली धुमालच लागतं. माकडंही कवेलू फोडतात, नाही म्हणत नाही. पण माकडं बयाना घेऊन येत नाहीत. नियम सांगायला गेलो तर लोक हसतात. नियम 2000 सालचा आहे: वस्तीत दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, दहानंतर लाऊडस्पीकर बंद. म्हणजे वरातीत नाचणाऱ्या बहुतेक पोरांपेक्षा नियम वयानं मोठा आहे, आणि घरातल्या मोठ्यांचं ऐकतात तेवढंच त्याचंही ऐकतात. भरपाई मागायला मालकाकडं गेलो. माणूस सज्जन, खुर्ची दिली, पाणी दिलं, सतरा फुटक्या कवेलूंची हकिगत शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग डोळे भरून आल्यासारखा म्हणाला, "काका, म्हणजे बेस पार आतपर्यंत पोचला ना?"

हे मी बैठकीत सांगितलं. सातही जण गंभीर झाले. वाटलं, आता कुणीतरी हळहळेल. एकानं विचारलं, "ही सतरा, उंची वाढवायच्या आधीची की नंतरची?" नंतरची, म्हटलं. "आधी किती फुटायची?" एकही नाही. त्यावर त्यांच्यात दोन तट पडले. उंची वाढवण्यात अगदीच काही चूक नव्हती, असं तिघांना वाटू लागलं.

तेवढ्यात बोगद्याकडून कोळशाची मालगाडी आली. न थांबणारीच. टपरीचा पत्रा थरथरला, कपबश्या एकमेकींवर वाजल्या, कढईतलं तेल हललं. डबे सरता सरेनात. कुणी बोललं नाही. वेल्डिंगवाल्यानं डोळे मिटून घेतले, एक हात छातीवर ठेवला, आणि गार्डचा डबा दिसेनासा झाल्यावर म्हणाला,

"बॅलन्स बरोबर आहे याचा."