मेबॅकची भावकी

शिरोली एमआयडीसीत ज्याची फौंड्री आहे, त्यानं पांढऱ्या वस्तूच्या नादाला लागू नये. आण्णा लागले. चार दारांची बुटकी जर्मन लक्झरी गाडी घेतली, त्यात सीटा सायीच्या रंगाच्या. मोल्डिंगची काळी वाळू आण्णांच्या विजारीत तीस वर्षं मुक्कामाला आहे, त्यामुळे मालक टॉवेल अंथरूनच बसतो. सीटांवरचं प्लॅस्टिकही अजून निघालेलं नाही. आत खरं कातडं आहे, हे आम्ही त्यांच्या शब्दावर मानतो.

गाडीला ‘छोटी’ म्हटलेलं खपत नाही. “कॉम्पॅक्ट म्हण,” ते दटावतात. बसण्याआधी पायताणं काढायची, ती डिकीत पिशवीत जातात. तांबड्या रश्श्याचं पार्सल गाडीत आणायला बंदी आहे. पांढऱ्याला परवानगी आहे, रंग जुळतो.

पण आण्णांचा खरा जीव गाडीच्या पोटात. नियमानं गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. आमच्या पेठांत तो प्रत्येक तालमीच्या मर्जीनं वाढलेला, कुठं कुठं तर बसलेल्या म्हशीएवढा. आण्णांना सगळे तोंडपाठ आहेत. “आला बघ! उतरा रं मागचे!” मागचे तिघं उतरतात, गाडी तिरकी होऊन श्वास रोखल्यासारखी पलीकडे जाते, तिघं पळत जाऊन परत बसतात. रंकाळ्यावर फिरायला म्हणून मी त्यांच्याबरोबर निघालो, तर पाच वेळा उतरलो. पोचल्यावर फिरायची गरज उरली नव्हती. वहिनी शहाण्या. “मी स्कुटीवरनं जातो, तुम्ही या सावकाश,” म्हणतात आणि आम्ही पोचेस्तोवर कणसं खाऊन परतीला लागलेल्या असतात.

पावसाळ्यात तर विचारू नका. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. आण्णांची स्वतःची तिसरी पातळी आहे, ३० फूट. तेवढं पाणी झालं की गाडी शाहूपुरीतनं निघून राजारामपुरीत सासऱ्यांच्या दारात, ताडपत्रीखाली. घरातली माणसं मात्र ४३ पर्यंत थांबतात.

दसऱ्याला मात्र आण्णांची मान ताठ. त्या दिवशी छत्रपती घराण्याची १९३६ सालची मेबॅक दसरा चौकात येते. तीही जर्मन, म्हणून आण्णा तिला थेट भावकीत धरतात. यंदा मला गर्दीतनं ओढत पुढं नेलं. मेबॅक आली, लोकांनी मोबाईल वर केले, म्हाताऱ्यांनी हात जोडले. मी बाजूला बघितलं तर आण्णा गुडघ्यावर हात ठेवून वाकले होते, तिच्या चाकांमधनं पलीकडं दिसणाऱ्या माणसांचे पाय बघत.

“बघितलंस?” ते हळूच म्हणाले. “कुत्रं जाईल खालनं.”

परतताना मी चालतच गेलो. आण्णांच्या आधी पोचलो.